मुलाचा आकडा बरोबर आहे, पण तो 'उरलेला' नाहीये

पत्र (थोडं कमी करून):

"ताई, माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. हुशार आहे, गणित चांगलं आहे. गेले काही महिने मोबाईलवर कसले कसले व्हिडिओ बघतो आणि एकच धरून बसलाय की जगात बायकांपेक्षा पुरुष ४ कोटींनी जास्त आहेत, म्हणजे तेवढे पुरुष जन्मभर एकटे राहणार आणि त्यात मी असणार. मी म्हटलं, अरे उलट बायकाच जास्त असतात, जरा आजूबाजूला बघ, म्हाताऱ्या बायका किती दिसतात आणि म्हातारे पुरुष किती. त्यावर त्याने मला आकडे दाखवून गप्प केलं. परवा धाकट्या बहिणीला म्हणाला, तुम्हा मुलींचं काय, तुम्हाला चॉइसच चॉइस आहे. ती १४ वर्षांची आहे, रडली. नक्की कोण बरोबर आहे? आणि मी त्याच्याशी बोलू कशी?"

पत्र वाचल्यावर माझं लक्ष पहिलं गेलं ते मुलीकडे, तिच्याबद्दल पुढे लिहितेच. पण तुम्ही आधी विचारलंय कोण बरोबर, तर दोघंही बरोबर आहात, आणि हे तुम्ही त्याला स्पष्ट सांगितलंत तर अर्धं भांडण तिथेच मिटेल असं मला वाटतं.

त्याचा आकडा खरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अंदाजात जगातले ५०.३ टक्के लोक पुरुष होते, म्हणजे दर १०० बायकांमागे साधारण १०१ पुरुष. टक्क्यांत बघितलं तर फरक किरकोळ वाटतो, पण त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली, आणि ५०.३ आणि ४९.७ मधला फरक अर्ध्या टक्क्याच्या थोडा वरच आहे, ८०० कोटींतला अर्धा टक्का म्हणजे ४ कोटी झालेच. तेव्हा 'असं काही नसतं' हे त्याला परत म्हणू नका प्लीज. गणित चांगलं असलेल्या मुलाला खरा आकडा खोटा म्हणून सांगितला की तो पुढचं काहीच ऐकत नाही, आणि मग त्याचं ऐकून घेणारे फक्त ते व्हिडिओवाले उरतात.

पण तुम्ही जे आजूबाजूला बघितलंत तेही खरंच आहे, कारण १०१ ला १०० हा आकडा सगळ्या वयांचे, सगळ्या देशांचे लोक एकत्र मोजून आलेला आहे आणि तो प्रत्यक्षात जवळजवळ कुठेच, कुठल्याच एका वयात तसाच्या तसा सापडत नाही. जन्मताना मुलगे थोडे जास्तच असतात, १०० मुलींमागे १०५-१०६ च्या आसपास, कोणी काहीही ढवळाढवळ केली नाही तरी. हे काही आज कळलेलं नाही. जॉन आर्बथनॉट नावाचे एक डॉक्टर होते, इंग्लंडच्या अ‍ॅन राणीचे डॉक्टर, त्यांनी १६२९ पासून १७१० पर्यंतच्या लंडनमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढून बघितल्या तर ८२ च्या ८२ वर्षांत मुलगे जास्त निघाले, एकही वर्ष उलटं नाही. त्यांनी त्यावरून हिशोब मांडला की हा योगायोग असूच शकत नाही, ही देवाचीच योजना आहे, पुरुष धोक्याच्या कामांत जास्त मरतात म्हणून देव आधीच थोडे जास्त पाठवतो. देवाचं सोडून देऊ, पण पुरुष जास्त मरतात हे त्यांचं निरीक्षण आजही खरं आहे, आणि तुमच्या मुलाला व्हिडिओवाले नेमका हाच भाग सांगत नाहीत.

मरण्याचं प्रमाण मुलग्यांत अगदी जन्मापासून जास्त असतं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांमध्ये मुलींची फुप्फुसं तुलनेने लवकर तयार झालेली असतात. शिवाय मुलींकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, मुलग्यांकडे एकच, त्यामुळे एक्सवरच्या एखाद्या जनुकात बिघाड असेल तर मुलीकडे जोडीची दुसरी किल्ली असते, मुलाकडे नसते. रंगांधळेपणा, हिमोफिलिया, स्नायूंचा ड्यूशेन आजार हे सगळे मुलग्यांत इतके जास्त का दिसतात त्याचं कारण हेच. पुढे वयात आल्यावर अपघात, मारामाऱ्या, युद्धं, धोक्याची कामं, मग तंबाखू, दारू, हृदयविकार, आणि दुखणं अंगावर काढून डॉक्टरकडे उशिरा जाणं. हे सगळं मिळून जगात बाई सरासरीने पुरुषापेक्षा साधारण ५ वर्षं जास्त जगते. त्यामुळे लहानपणी मुलगे जास्त, मग हळूहळू फरक कमी होत जातो, पन्नाशीच्या पुढे कुठेतरी पारडं फिरतं, ६५ च्या वरच्या लोकांत जवळपास ५६ टक्के बायका, ८० च्या वर दहातल्या सहा, आणि शंभरी गाठलेल्यांत तर पाचातल्या साधारण चार बायका. तुम्ही म्हणालात ना म्हाताऱ्या बायकाच जास्त दिसतात, त्या ह्याच. जगातले लोक एकूणच म्हातारे होत चाललेत त्यामुळे २०५० च्या सुमारास पुरुष आणि बायकांची एकूण संख्या सारखी होईल असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

(माझं वैयक्तिक मत विचाराल तर १७ वर्षांच्या मुलाने ह्यातली काळजी करायची असेल तर ती ह्या ५ वर्षांची करावी, त्यातलं बरंचसं आपल्या हातात असतं.)

आता देशांचं बघा, म्हणजे हा जागतिक आकडा किती फसवा आहे ते कळेल. कतारमध्ये दर चार माणसांत जवळपास तीन पुरुष आहेत, संयुक्त अरब अमिरातीत तीनातले दोन. तिथे मुली जन्मत नाहीत असं काही नाहीये, बाहेरून कामाला आलेले पुरुष लाखोंनी आहेत आणि त्यांच्या बायका, बहिणी, आया त्यांच्या त्यांच्या देशात मोजल्या जातात. उलट रशियात १०० बायकांमागे पुरुष फक्त ८६-८७. दुसऱ्या महायुद्धाने तिथे इतकी माणसं नेली की १९५९ च्या सोव्हिएत जनगणनेत पुरुषांपेक्षा बायका तब्बल २ कोटींनी जास्त होत्या, लढाई संपून १४ वर्षं झाली होती तरी. ती पिढी आता जवळजवळ गेली, पण दारू, सिगरेट आणि हृदयविकाराने पुरुष लवकर जाण्याचं तिथलं प्रमाण अजूनही मोठं आहे. युक्रेन, बेलारूस, लॅटव्हिया, लिथुआनिया सगळीकडे साधारण असंच चित्र आहे. म्हणजे तुमचा मुलगा त्यातल्या एखाद्या देशात वाढला असता तर त्याने कदाचित नेमकी उलटी काळजी केली असती!

आणि आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. त्याला सांगा की ते ४ कोटी कुठून येतात ते शोधून काढ. चीनच्या २०२० च्या जनगणनेत बायकांपेक्षा पुरुष जवळपास ३.५ कोटींनी जास्त होते. भारताच्या २०११ च्या जनगणनेतही साधारण ३.५ कोटींनीच जास्त. वर्षं वेगवेगळी आहेत, मान्य, पण बेरीज करून बघितली तर ह्या दोन देशांतच ७ कोटींच्या आसपास होतात आणि जगाचा एकूण फरक आहे ४ कोटींच्या थोडा वर. म्हणजे हे दोन देश बाजूला ठेवले तर उरलेल्या जगात बायकाच जास्त आहेत. गणितवाल्या मुलाला हे स्वतः करून बघू दे, त्याला आवडेल.

मग प्रश्न येतो की ह्या दोन देशांतच असं का. लोकसंख्या मोठी हे एक कारण आहे, पण ते पुरत नाही. खरं कारण मुली जन्मूच दिल्या नाहीत, किंवा जन्मल्यावर त्यांच्या खाण्यापिण्याकडे, औषधपाण्याकडे दुर्लक्ष झालं. १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी हिशोब मांडला की मुलींना मुलांइतकीच काळजी मिळाली असती तर जगात तेव्हा आणखी १० कोटींहून जास्त बायका जिवंत असत्या. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२० मध्ये हाच आकडा १४ कोटींच्या वर सांगितला. गर्भाचं लिंग सांगणारी सोनोग्राफी सहज मिळायला लागली, कुटुंबं लहान झाली आणि मुलगा हवाच हा हट्ट तसाच राहिला, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तिथे तिथे जन्माचं प्रमाण बिघडलं. चीनमध्ये २००४ मध्ये १०० मुलींमागे १२१ मुलगे जन्मत होते, २०२० पर्यंत ते १११ वर आलं, म्हणजे अजूनही बरंच वरच आहे. सोव्हिएत संघ फुटल्यावर आर्मेनिया आणि अझरबैजानमध्ये तेच झालं, व्हिएतनाममध्ये अलीकडे तेच.

म्हणून तुमचा मुलगा ज्याला 'जास्तीचे पुरुष' म्हणतो ना, ते जास्तीचे नाहीयेत. तेवढे मुलगे जन्मणारच होते, त्यांच्या बरोबरीने ज्या मुली असायला हव्या होत्या त्या नाहीयेत. हे त्याला शांतपणे सांगा. त्याला आत्ता जो राग येतोय तो मुलींवर येतोय, आणि ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त नुकसान ज्यांचं झालं त्यांच्यावरच राग काढण्यात काय अर्थ आहे, हे त्याच्या वयाच्या मुलाला कळतं, फक्त कोणीतरी नीट सांगायला हवं.

आणि हे बदलतं हेही सांगा, नाहीतर तो म्हणेल मग झालंच की संपलं. दक्षिण कोरियात १९९० मध्ये १०० मुलींमागे ११६ च्या वर मुलगे जन्मत होते, आणि तिसऱ्या-चौथ्या मुलाच्या वेळेला तर प्रमाण भयंकरच होतं. डॉक्टरांनी गर्भाचं लिंग सांगायला १९८७ पासूनच बंदी होती तरीसुद्धा! पण बायका शिकल्या, कमवायला लागल्या, म्हातारपणाचा आधार म्हणजे मुलगाच हा हिशोब सैल झाला, आणि २००७ च्या आसपास प्रमाण परत नैसर्गिक पातळीवर आलं, १०६ च्या जवळ. कुटुंबप्रमुखपद पुरुषाकडेच जाणारी त्यांची कायद्यातली व्यवस्थाही २००८ मध्ये संपली. एका पिढीत झालं हे सगळं.

एक आणखी, कारण हा मुद्दा अशा वादात हमखास निघतो. लोक मुलगा होईपर्यंत मुलं होऊ देतात म्हणून मुलग्यांची संख्या वाढते असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. प्रत्येक बाळंतपणात मुलगा-मुलीची शक्यता जवळपास तीच असते, घरच्यांनी कधी थांबायचं ठरवलं त्याने एकूण प्रमाणाला काही फरक पडत नाही, मध्ये कोणी गर्भ तपासून पाडत नाही तोपर्यंत. फरक एवढाच पडतो की मुली मोठ्या कुटुंबांत, जास्त भावंडांमध्ये वाढतात आणि घरातलं जे काही असेल ते जास्त जणांत वाटलं जातं. त्याला हे नाणं उडवून किंवा कॉम्प्युटरवर छोटा प्रोग्रॅम लिहून तपासता येईल.

आता त्याचं ते 'उरलेला' वालं गणित. तो जगातले सगळे पुरुष एका बाजूला, सगळ्या बायका दुसऱ्या बाजूला उभ्या करतो, जोड्या लावतो आणि मागे राहिले ४ कोटी म्हणतो. असं कुठेच होत नाही. त्या आकड्यात तान्ही बाळं आहेत, ९० वर्षांच्या आज्या आहेत, ज्यांना लग्न करायचंच नाही असे आहेत, ज्यांचा जोडीदार त्यांच्याच लिंगाचा आहे असे आहेत, घटस्फोट घेऊन किंवा जोडीदार गेल्यावर परत लग्न करणारे आहेत. वयातला फरकही असतो. बऱ्याच समाजांत नवरा बायकोपेक्षा काही वर्षांनी मोठा असतो, त्यामुळे दरवर्षी जन्म वाढत असतील तर वयाने लहान मुलींची संख्या मोठ्या मुलांपेक्षा जास्त पडते आणि जन्म कमी होत असतील तर बरोबर उलटं होतं. म्हणजे जोडीदार मिळणं न मिळणं ह्यावर त्या १०१ पेक्षा अशा गोष्टींचाच परिणाम मोठा असतो.

खोटा दिलासा मात्र देऊ नका. त्याच्या वयाच्या मुला-मुलींत मुलगे थोडे जास्त आहेत हे खरं आहे, जवळजवळ सगळ्याच देशांत ह्या वयात ते तसंच असतं, आणि जिथे मुली पाडल्या गेल्या तिथे फरक बराच मोठा आहे, तिथे खरोखरच काही पुरुषांची लग्नं होत नाहीत आणि त्यात गरीब आणि कमी शिकलेले पुरुष आधी भरडले जातात. हे दुःख खरं आहे, त्याची टिंगल कोणी करू नये. पण ४ कोटी हा आकडा बघून 'त्यात मी आहे' असं कोणालाच सांगता येत नाही, त्याला तर नाहीच. एवढ्या मोठ्या आकड्याला एका माणसाबद्दल काही माहीत नसतं.

आता मुलगी. तिला तो म्हणाला तुम्हाला चॉइस आहे. मला हे वाक्य फार लागलं, कारण मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढते, त्या ठरवतील तसं होतं, असं वाटतं खरं, प्रत्यक्षात त्यांची फक्त मागणी वाढते. चीनमध्ये बायकांचा तुटवडा झाल्यावर म्यानमार, व्हिएतनामसारख्या शेजारी देशांतल्या मुलींना नोकरीचं आमिष दाखवून, फसवून नेऊन लग्नासाठी विकल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. पहारा वाढतो, एकटीने बाहेर पडायला बंदी येते, घाईने लग्न लावायचा दबाव येतो. वस्तू कमी झाली की तिचा भाव वाढतो पण निवड वस्तूला नसते, ती घेणाऱ्याला असते. तुमची मुलगी वस्तू नाहीये, आणि तिच्या भावाच्या तोंडून तिला हे ऐकावं लागलं म्हणून ती रडली असेल, चॉइस आहे की नाही ह्याच्यासाठी नाही. तिच्याशी तुम्ही आजच बोला, एकटीशी, आणि तिला सांगा की दादा जे बोलला ते चुकीचं होतं आणि मी त्याच्याशी बोलणार आहे. मुलाची समजूत काढताना ती बिचारी बाजूलाच राहते असं घरोघरी होतं.

मुलाशी बोलताना आकड्यांनी सुरुवात केलीत तरी चालेल, त्याला ती भाषा येते. म्हणा, तू बरोबर होतास, पुरुष जास्त आहेत, मी चुकीचं म्हणत होते की असं काही नसतं, पण मला आता पुढचं बघायचंय, दाखव मला. संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्येची आकडेवारी इंटरनेटवर फुकट आहे, देशानुसार आणि वयानुसार. दोघं बसून कतार बघा, रशिया बघा, दक्षिण कोरिया बघा, वयोगटांचे पिरॅमिड बघा, एका बाजूला पुरुष आणि एका बाजूला बायका, खाली डावी-उजवी बाजू किती आणि वर गेल्यावर किती ते त्यालाच सांगू दे. त्याने शिकवावं, तुम्ही विचारत राहावं. तुम्हाला हरवायचं नाहीये हे त्याला दिसलं पाहिजे.

आणि मग, त्याच दिवशी नाही, एक-दोन दिवसांनी, खरा प्रश्न विचारा. कारण १७ वर्षांचा मुलगा जगाच्या लोकसंख्येमुळे झोप उडवून घेत नाही हो. कोणीतरी नाही म्हणालं असेल, किंवा विचारायचीच हिंमत होत नसेल, मित्रांनी चिडवलं असेल, स्वतःच्या दिसण्याबद्दल, बोलण्याबद्दल काही मनात असेल. 'मला कोणी पसंत करणार नाही' हे म्हणायला फार अवघड असतं, '४ कोटी पुरुष उरणार आहेत' हे म्हणायला सोपं असतं, त्यात आपला दोष नसतो. ते व्हिडिओ बनवणाऱ्यांना हे बरोब्बर माहीत असतं, आधी भीती खरी आहे म्हणून सांगायचं आणि मग ती मुलींमुळे आहे म्हणायचं. मोबाईल हिसकावून घेऊ नका, त्याने तो लपून बघेल. त्यापेक्षा एखादा व्हिडिओ त्याच्याबरोबर बसून पूर्ण बघा आणि विचारा, ह्यातला कुठला आकडा खरा आहे आणि ह्या माणसाने त्या आकड्यापासून ह्या वाक्यापर्यंत उडी कुठे मारली. त्याला ती उडी सापडेल.

तुम्हाला वाटलं तर घरातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या मोठ्या पुरुषाला, ज्याच्याशी त्याचं जमतं, त्याच्याशी गप्पा मारायला सांगा, लेक्चर द्यायला नाही, फक्त १७ व्या वर्षी त्याला काय वाटायचं ते खरं खरं सांगायला. आणि मुली असलेल्या ग्रुपमध्ये तो कधी नुसता असतो का ते बघा, नाटक, खेळ, कोडिंग, ट्रेकिंग काहीही, जिथे कोणी कोणाला पटवायला आलेलं नाही. मुलींबद्दलचं ज्ञान सगळं व्हिडिओतून आलेलं असेल तर ते तसंच वाकडं राहतं.

बहिणीची माफी मागायला लावू नका, सांगा की तिला तुझ्या बोलण्याने काय वाटलं ते तू तिला विचार आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐक.

आणि एक सांभाळा. तो मित्रांना भेटायचं टाळायला लागला असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, 'काही अर्थ नाही जगण्यात' असं काही कधी बोलला असेल, अगदी सहज बोलल्यासारखं जरी, तर आकडे, पिरॅमिड वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि ह्याच आठवड्यात किशोरवयीन मुलांबरोबर काम करणाऱ्या समुपदेशकाची अपॉइंटमेंट घ्या. तो नको म्हणाला तर पहिल्यांदा तुम्ही एकट्या जा.